वाचाघात आणि कुटुंबाचे कर्तव्य

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आज सकाळपासून या मंडपात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक झाले, वसतिगृहाच्या इमारतीचा हिशेब मांडला गेला, वधूवर सूचक मंडळाचा अहवाल वाचला गेला. या सर्व गोष्टी आपल्या संस्थेस भूषणावह आहेत. यानंतर मी जो विषय मांडणार आहे तो समारंभास साजेसा नाही, याची मला जाणीव आहे. तरीही तो मांडण्याची अनुज्ञा अध्यक्षमहाराजांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आपल्यापैकी काही घरांत हे दुःख आजही आहे. ज्या घरांत नाही त्यांच्या दारी ते कधी येईल, हे कोणासही सांगता यावयाचे नाही.

मी वैद्य नाही. मॅट्रिकपर्यंत शिकून शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले, एवढीच माझी पात्रता. माझे थोरले बंधू, आमचे दादा, यांना अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची वाचा गेली. त्यानंतर सात वर्षे ते आमच्यात होते. त्या सात वर्षांत जे पाहिले, वाचोपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून जे ऐकले आणि पुढे आवडीने जे वाचले, तेच आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम या विकाराची ओळख करून घेऊ. इंग्रजी वैद्यकात त्याला अफेझिया म्हणतात. मराठीत वाचाघात हा शब्द रूढ आहे. मेंदूतील भाषेचे काम करणाऱ्या भागास इजा झाली म्हणजे बोलणे, ऐकलेले समजणे, वाचणे आणि लिहिणे या चारही गोष्टींवर कमीअधिक परिणाम होतो. जीभ लुळी पडून उच्चार अस्पष्ट होणे हा निराळा विकार. बहिरेपणा हाही निराळा. वाचाघातात जीभ हलते, कान ऐकतात, परंतु मनातील अर्थास शब्द सापडत नाही, अथवा ऐकलेल्या शब्दाचा अर्थ हाती लागत नाही. म्हणूनच “बोलता येत नसेल तर लिहून दाखवा” असे म्हणून रुग्णापुढे पाटी ठेवल्याने बहुधा काम भागत नाही. जो शब्द जिभेवर येत नाही तो बोटांतही उतरत नाही.

या विषयाच्या अभ्यासास मोठी चालना मिळाली ती १८६१ साली पॅरिसमध्ये. पॉल ब्रोका या शल्यवैद्यापुढे एक रुग्ण आला. तो एकवीस वर्षे रुग्णालयात राहिला होता आणि त्यास ‘तां’ या एकाच अक्षराखेरीज जवळजवळ काही बोलता येत नसे. लोक त्याला त्याच नावाने ओळखीत. परंतु दुसऱ्याचे बोलणे त्यास बरेचसे समजे, आणि तेच एक अक्षर तो निरनिराळ्या सुरांत, हातवारे करून, आपला आशय सांगण्यासाठी वापरी. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकाने मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागास इजा झालेली आढळली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने दुसरा प्रकार वर्णन केला. त्यात रुग्ण घडाघडा बोलतो, पण शब्द चुकीचे अथवा निरर्थक येतात, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यास नीट कळत नाही. बहुतेक माणसांत भाषेचे मुख्य काम मेंदूच्या डाव्या अर्धाकडे असते, आणि शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रणही तोच अर्ध करतो. यामुळेच वाचा गेलेल्या पुष्कळ रुग्णांचा उजवा हात व पायही दुबळा झालेला दिसतो.

आपल्या मराठीतून हे प्रकार कसे दिसतात ते सांगतो. पहिल्या प्रकारचा रुग्ण “मी काल मुलाला घेऊन बाजारात गेलो” असे म्हणू पाहतो आणि मोठ्या कष्टाने “मुलगा... बाजार... काल” एवढेच बाहेर पडते. प्रत्यय गळतात, क्रियापद सापडत नाही, पण मतितार्थ जागच्या जागी असतो. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण लय व सूर अगदी पूर्वीचाच ठेवून बोलतो, परंतु ऐकणाऱ्यास अर्थ लागत नाही. अशा रुग्णाला घरचे लोक वेडा ठरवून मोकळे होतात. हा फार मोठा अन्याय आहे. तिसऱ्या, सौम्य प्रकारात सर्व काही ठीक असते, फक्त वस्तूंची आणि माणसांची नावे ऐन वेळी दडी मारतात. आणि सर्वांत तीव्र प्रकारात बोलणे व समजणे दोन्ही अतिशय क्षीण होतात.

हा विकार बहुतेक वेळा मेंदूतील रक्तप्रवाहात अडथळा आल्याने किंवा रक्तस्राव झाल्याने, म्हणजे आपण ज्याला अर्धांगवायूचा झटका म्हणतो त्याने, उद्भवतो. असा झटका आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना वाचाघात होतो. डोक्यास मार लागणे, मेंदूत गाठ होणे किंवा जंतुसंसर्ग ही इतर कारणे होत. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात गळून पडणे आणि बोलणे एकाएकी अडखळणे किंवा असंबद्ध होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी घटकाभरही वाट पाहू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत देता आले तरच द्यावयाचे असते, आणि त्यापूर्वी मेंदूची छायाचित्र तपासणी व्हावी लागते. “थोडे पडून राहा, बरे वाटेल” या सल्ल्याने अनेकांची वाचा कायमची गेली आहे. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि जेथे ही तपासणी होते अशा रुग्णालयात रुग्णास तात्काळ न्यावे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वाचाघाताने माणसाची बुद्धी, त्याच्या आठवणी, त्याचा स्वभाव, त्याचा मान आणि त्याची माया ही नाहीशी होत नाहीत. डॉ. सॅम्युअल जॉन्सन हे नाव आपल्यापैकी इंग्रजी शिकलेल्यांस परिचित असेल. १७५५ साली त्यांनी इंग्रजीचा थोर शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच शब्दांच्या धन्यावर १७८३ च्या जून महिन्यात, वयाच्या ७३ व्या वर्षी, रात्री झटका आला आणि वाचा गेली. आपली बुद्धी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचली. रचना फारशी चांगली उतरली नाही हे त्यांना स्वतःलाच कळले, आणि ते कळले यावरून आपली विवेचकबुद्धी जागी आहे असे त्यांनी ताडले. दुसरे उदाहरण व्हिसारियन शेबालिन या रशियन संगीतकाराचे. १९५९ सालच्या दुसऱ्या झटक्यानंतर त्यांना बोलणे व समजणे दोन्ही अतिशय कठीण झाले. तरीही १९६२ साली त्यांनी आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली. शब्दाची वाट बंद झाली असताना सुराची वाट खुली राहिली.

मी प्राथमिक शिक्षक, म्हणून ज्ञातीतील काही सद्गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणतात, “गुरुजी, आमच्या वडिलांची वाचा गेली आहे, पहिलीचे पुस्तक आणि मुळाक्षरांचा तक्ता द्या, नव्याने शिकवून पाहतो.” त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण मी तो तक्ता देत नाही. मुलाच्या मनात शब्द अजून यावयाचा असतो. वाचाघाताच्या रुग्णाचा शब्द आलेला आणि साठ वर्षे वापरलेला असतो. कोठारात धान्य आहे, परंतु कुलूप लागलेले आहे. याचे प्रमाण असे की, जो शब्द काल आला नाही तो आज सहज येतो. पहिले अक्षर कोणी सुचविले की पुष्कळदा सबंध शब्द बाहेर पडतो. रागाच्या भरात शिवी अगदी स्पष्ट येते. आणि ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही त्याला आकडे, वारांची नावे किंवा लहानपणापासून म्हटलेली आरती म्हणता येते. अशा माणसापुढे नातवंडांच्या देखत पेला धरून “हे काय आहे? सांगा पाहू” असे दहा वेळा विचारणे म्हणजे त्याची परीक्षा घेणे होय, आणि परीक्षेने कोणी शिकत नाही, हे मी छत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो.

मग वाचोपचारतज्ज्ञ काय करतात? ते प्रथम रुग्णाचे समजणे, बोलणे, वाचणे, लिहिणे यांपैकी काय किती शिल्लक आहे, हे तपासतात आणि जे शिल्लक आहे त्याच्या आधारे उपचार आखतात. शब्द अडला तर “गरमागरम...” असे अर्धे वाक्य देऊन ‘चहा’ हा शब्द ओढून काढतात. वस्तू कोठे असते, कशासाठी वापरतात, कोणत्या आकाराची, असे प्रश्न करून शब्दाच्या आजूबाजूच्या वाटा मोकळ्या करतात. काही रुग्णांच्या बाबतीत नित्याच्या उपयोगाची छोटी वाक्ये ठरावीक चालीवर, डाव्या हाताने ठेका धरून म्हणवून घेतात आणि हळूहळू चाल काढून घेतात. ही पद्धत बोस्टन येथील संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केली. नुसती आरती म्हणता येणे म्हणजे वाचा येणे नव्हे. परंतु चालीच्या आधाराने “मला पाणी हवे” हे वाक्य आणता येते, हा त्यातील विशेष. गिळण्यातील अडचणही हेच तज्ज्ञ पाहतात. रुग्णास पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर त्यांना अवश्य सांगावे. आणि अशा वेळी वाचा यावी म्हणून जिभेवर मध, वेखंड चोळण्याचा प्रयोग कृपा करून करू नये. विकार जिभेत नाही, आणि गिळण्याची क्रिया बिघडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत औषध जाण्याचे भय असते.

आपले ज्ञातिबांधव बडोदे, इंदूर, बेळगाव, बंगळूर येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी असा त्यांचा संसार चालतो. वाचाघातानंतर कोणती भाषा परत येईल? १८९५ साली पित्र या फ्रेंच वैद्याने असे प्रतिपादन केले की, आजारापूर्वी जी अधिक अंगवळणी पडलेली असते ती आधी परत येते. पुष्कळ रुग्णांच्या सर्व भाषा बरोबरच सुधारतात, परंतु काहींच्या बाबतीत एक पुढे जाते व दुसरी मागे राहते. तेव्हा उपचाराच्या आरंभीच रुग्ण कोणाशी कोणत्या भाषेत बोलत असे, हे कुटुंबाने तज्ज्ञांस सविस्तर सांगावे. आजोबांच्या तोंडून एखादा कानडी किंवा गुजराती शब्द आला तर तो चूक म्हणून टाकून देऊ नये.

“किती दिवसांत बोलतील?” हा प्रश्न प्रत्येक घर विचारते. याचे प्रामाणिक उत्तर असे की, सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत होते. काहींना जवळजवळ पूर्ण वाचा येते, पुष्कळांना अंशतः येते आणि काहींना थोडीच. परंतु “सहा महिने झाले, आता काही होणे नाही” असे जे सांगितले जाते ते खरे नाही. जर्मनीत झालेली एक मोठी चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आजारास सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या १५६ रुग्णांवर ती केलेली होती. निदान तीन आठवडे, दर आठवड्यास दहा तास किंवा अधिक वाचोपचार दिल्यावर त्यांच्या नित्याच्या बोलण्यात स्पष्ट सुधारणा आढळली. तात्पर्य, महिन्यातून एकदा तज्ज्ञांचे तोंड पाहून यावे आणि मध्यंतरी काहीच करू नये, अशाने फळ मिळत नाही. अभ्यास नित्य हवा, पुरेसा हवा. आणि तो बव्हंशी घरातच व्हावयाचा असल्यामुळे घराने कसे वागावे, हा प्रश्न येतो.

कॅनडातील टोरांटो परिसरात पॅट अराटो नावाच्या बाईंच्या पतीस वाचाघात झाला. रुग्णालयातील उपचार संपल्यावर अशा माणसांस जाण्यास ठिकाण नाही हे पाहून १९७९ साली त्यांनी एक केंद्र स्थापन केले. तेथील तज्ज्ञ ऑरा केगन यांनी संभाषणास आधार देण्याची पद्धत विकसित केली. तिचे मूळ तत्त्व असे की, रुग्णाला समजते हे आपण जाणतो असे त्याला प्रथम स्पष्ट कळवावे, आणि मग त्याच्या मनातले बाहेर येण्यासाठी साधने पुरवावीत. रुग्णाला बोलते करण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर नसून समोर बसलेल्यावरही आहे, हा त्यातला बोध आहे.

त्याचे आचरण असे. रुग्णाशी बोलताना दूरदर्शन बंद ठेवावे आणि एका वेळी एकानेच बोलावे. समोर बसून, चेहरा दिसेल असे, नेहमीच्या आवाजात व लहान वाक्यांत बोलावे. ओरडू नये, आणि बाळाशी बोलल्यासारखे बोबडे तर मुळीच बोलू नये. विषय बदलला तर तो बदलला असे सांगावे. मुख्य शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा. “आज काय करावेसे वाटते?” असे मोकळे विचारण्यापेक्षा “भात की भाकरी?” असे विचारावे आणि दोन्ही शब्द लिहून दाखवावेत. प्रश्न केल्यावर मनात दहा अंक मोजण्याइतके थांबावे. आपल्याला फार वाटणारा तो वेळ त्यांच्यासाठी थोडा असतो. ‘होय’ म्हणावयाचे असता तोंडातून ‘नाही’ निघते, म्हणून काय समजले ते पुन्हा विचारून खात्री करावी. समजले नाही तर समजल्याचे सोंग करू नये. “आता मला कळले नाही, पुन्हा थोड्या वेळाने पाहू” असे सांगावे. बोट दाखविणे, चित्र काढणे, मान हलविणे यांतले जे साधेल ते बोलणेच समजावे. घरातील माणसांची छायाचित्रे व नावे, गावाचा नकाशा, दिनदर्शिका, औषधे, जेवणाचे पदार्थ, देणीघेणी अशी पाने असलेली एक वही रुग्णाजवळ सदैव असावी.

या वहीचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. दादा सहकारी बँकेत हिशेबनीस होते. आजारानंतर पाचव्या महिन्यात एके दिवशी ते पुनःपुन्हा कपाटाकडे हात करून “गाय, गाय” म्हणू लागले. घरात गाय नव्हती. सर्वांना वाटले, मन भ्रमले. वहिनींनी वही उघडून ‘औषध’, ‘माणूस’, ‘पैसे’, ‘घर’ असे शब्द पुढे ठेवले. दादांनी ‘पैसे’ यावर बोट ठेवले. मग ‘बँक’, ‘कर्ज’, ‘विमा’ असे लिहिले; त्यांनी ‘विमा’ दाखविला. पाहतो तो हप्त्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि आम्हां कोणाच्याही ती ध्यानात नव्हती. त्या दिवसापासून घरात त्यांच्यासमोर “त्यांना काय कळते आहे” हे वाक्य उच्चारले गेले नाही.

बंधुभगिनींनो, येथवर मी रुग्णाविषयी बोललो. आता जिच्याविषयी कोणी बोलत नाही तिच्याविषयी बोलतो. दादांस भेटावयास पुष्कळ आप्तेष्ट येत. ते दादांच्या समोर बसून वहिनींना विचारीत, “कसे आहेत आता?” दादा मान फिरवून भिंतीकडे पाहत. मग वहिनी चहा ठेवीत, कपबश्या विसळीत, आणि मंडळी “धीर धरा” असे सांगून निघून जात. रुग्णास उठविणे, स्नान घालणे, औषधे, व्यायाम, वहीतला अभ्यास, रात्रीची जाग, हे सर्व त्यांनी एकटीने केले. चौदा महिने त्यांनी देवळाची पायरी पाहिली नाही, एका हळदीकुंकवास गेल्या नाहीत. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तरी आणावयाचे भान त्यांना राहिले नाही. आणि या श्रमांहूनही मोठे दुःख निराळेच होते. अडतीस वर्षे रात्री जेवणानंतर दोघे ओसरीवर बसून दिवसभराचे बोलत. ते बोलणे संपले होते. पती समोर आहे आणि बोलावयास कोणी नाही, या एकाकीपणास आपल्या भाषेत नावही नाही. एकदा माझ्या पत्नीने “वहिनी, तुम्ही कशा आहात?” एवढेच विचारले, तेव्हा त्यांना रडू आवरेना. हा प्रश्न त्यांना इतक्या दिवसांत कोणी विचारलाच नव्हता.

वाचाघाताच्या रुग्णांत खिन्नता फार आढळते, आणि शुश्रूषा करणाऱ्यांतही ती पुष्कळ आढळते. पत्नी असो, पती असो, सून असो वा नोकरी सोडून घरी बसलेला मुलगा असो, त्याचे शरीर व मन थकले म्हणजे रुग्णाचाही आधार जातो. म्हणून शुश्रूषा करणाऱ्याने काही वेळ स्वतःसाठी ठेवणे यात स्वार्थ नाही. झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, वरचेवर संताप येतो, असे झाल्यास त्याने स्वतःही वैद्यास दाखवावे. रुग्णावर कधी राग आला म्हणून स्वतःस पापी समजू नये. आणि रुग्णाच्या वतीने प्रत्येक उत्तर आपणच देण्याची सवय, ती प्रेमापोटी लागत असली तरी, आवरावी. तिने रुग्णाची वाचा आणखी मागे जाते आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे वाढते.

यावर उपाय काय? येथे एक घडलेली हकीकत सांगतो. पॅट्रिशिया नील या अमेरिकन अभिनेत्रीस १९६५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ३९ व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव झाला. त्या वेळी त्या गरोदर होत्या. वाचा गेली, उजवे अंग लुळे पडले. त्यांचे पती म्हणजे प्रसिद्ध बालसाहित्यिक रोआल्ड डाल. इंग्लंडमधील ग्रेट मिसेंडेन या आपल्या गावी परतल्यावर डाल यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची पाळी लावली. शेजारी आळीपाळीने येत. बोलणे, वाचणे, कोडी सोडविणे असा अभ्यास दिवसाचे काही तास चाले. त्यांपैकी व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या बाईंनी तर हे काम अंगावरच घेतले. त्यांच्याजवळ वैद्यकाचे शिक्षण नव्हते. होती ती चिकाटी आणि कल्पकता. नीलबाईंना त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निरोगी कन्या झाली, आणि १९६८ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात त्यांनी पुन्हा भूमिका केली. तीस ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकनही मिळाले. डाल यांची शिस्त फार कडक होती, तिचे अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही; आणि इतकी सुधारणा प्रत्येकास होईल असेही नाही. परंतु ग्रिफिथबाईंनी या अनुभवावर १९७० साली पुस्तक लिहिले आणि पुढे त्यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांची योजना उभी राहिली. तज्ज्ञांच्या उपचाराची जागा शेजारी घेऊ शकत नाही. परंतु दोन भेटींमधले रिकामे दिवस शेजारी भरून काढू शकतो, आणि घरातील थकलेल्या माणसास उसंत देऊ शकतो.

जे काम एका खेड्यातील शेजाऱ्यांनी केले ते आपल्या ज्ञातिसंस्थेस अशक्य का असावे? आपण लग्नकार्यास शंभर माणसांची पंगत उठवितो, मयतास न बोलाविता धावून जातो. मरणाच्या वेळी जी ज्ञाती खांदा देते, तिने जिवंत माणसास आठवड्यातून दोन तास द्यावेत, एवढेच माझे मागणे आहे. यासाठी मी कार्यकारी मंडळापुढे चार सूचना ठेवतो.

पहिली, प्रत्येक शाखेने कुटुंबाच्या संमतीने अशा घरांची नोंद करावी आणि प्रत्येक घरामागे चार स्वयंसेवक नेमावेत. प्रत्येकाने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दोन तास जावे, रुग्णाशी वही घेऊन बोलावे, आणि तेवढ्या वेळात घरच्या बाईस किंवा बुवास मोकळे सोडावे. चहा त्यांनी करावयाचा नाही. जाणाऱ्याने घेऊन जावा. दुसरी, महिन्यातून एकदा कार्यालयाचे सभागृह विनाशुल्क उपलब्ध करून रुग्णांचा मेळावा भरवावा आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत शुश्रूषा करणाऱ्यांनी एकत्र बसावे. आपले दुःख दुसऱ्याने ओळखले की त्याचा भार निम्मा होतो. तिसरी, वर्षातून एकदा तज्ज्ञांस बोलावून या स्वयंसेवकांस शिक्षण द्यावे आणि गरजू घरांस वाचोपचाराच्या प्रवासखर्चासाठी निधीतून साहाय्य द्यावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मैसूर येथे १९६५ पासून अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. यांची, तसेच आपापल्या जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या वाचोपचारतज्ज्ञांची माहिती शाखेच्या फलकावर लावावी. चौथी, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाचा व भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे नमूद असून वाचाघाताचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. कायमचा दोष राहिलेल्या रुग्णास तपासणीनंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि ते प्रमाण चाळीस टक्के किंवा अधिक असल्यास कायद्यातील अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो. पुष्कळ कुटुंबांस हे ठाऊकच नाही. अर्ज भरून देण्याचे काम आपले तरुण सुशिक्षित बांधव सहज करू शकतील.

आणि एक विनंती सभेस नव्हे, तर प्रत्येक घरास आहे. वाचा गेलेल्या माणसास आमंत्रणातून वगळू नका. निमंत्रणपत्रिका त्यांच्या नावाने द्या, त्यांच्या हातात द्या. मुलीचे लग्न ठरविताना, जमिनीचा व्यवहार करताना त्यांना समोर बसवून, लिहून, दाखवून त्यांचे मत घ्या. मान हलविण्यास त्यांना वेळ लागेल, तो द्या. घरातील वडीलकीचा मान शब्दांवर अवलंबून नसतो.

दादा अखेरपर्यंत साठ-सत्तर शब्दच बोलू शकले. परंतु त्या शब्दांवर त्यांनी दोन नातींची लग्ने पाहिली, भाऊबंदकीचा एक तंटा मिटविला आणि रोज सकाळी वर्तमानपत्रातील मथळ्यांवर बोट ठेवून माझ्याशी वाद घातला. वहिनी आज आमच्या शाखेतील अशा दोन घरांत दर गुरुवारी जातात. मंडळाने ठराव करण्याची वाट त्यांनी पाहिलेली नाही. परंतु ठराव झाला तर त्यांच्या जोडीस आणखी माणसे मिळतील, म्हणून ही विनंती मी सभेपुढे ठेवली आहे. ज्यांना या कामात नाव नोंदवावयाचे असेल त्यांनी सभेनंतर चिटणिसांकडे अवश्य नोंदवावे. तेथे वही ठेवलेली आहे.